खरखर आणि जवारी

गेल्या वैशाखातली गोष्ट. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची कीर्ती बाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचलेली आहेच. पारा ४५ अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते पाच आमचे गाव जणू ओस पडते. अशा एका दुपारी शाळेतला नववीतला एक मुलगा डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पाठीला गिटार लावून माझ्या दारात उभा राहिला. मामाने दिवाळीत त्याला ती नागपूरहून आणून दिली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्याने गिटार मांडीवर घेतली, वरची जाड तार छेडली आणि म्हणाला,

"ऐका जी सर, कशी खरखरते! हिवाळ्यात अशी नव्हती. काही बिघडली असंन काय?"

तारेच्या स्वराच्या मागे, पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तशी, एक बारीक भणभण होती. गिटारीविषयी माझे ज्ञान तोपर्यंत शून्य. परंतु आमच्या घरी कोपऱ्यात एक तंबोरा उभा असतो हे त्या मुलाने पाहिलेले होते, आणि ज्याच्या घरी एक तारवाद्य आहे त्याला सगळी तारवाद्ये कळतात, असा त्याचा भाबडा हिशेब होता.

मी गिटारीकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहिले, आणि मनातल्या मनात ओशाळलो. एका वाद्याची खरखर जात नाही म्हणून हा मुलगा भर उन्हात माझ्याकडे आला होता. आणि दुसऱ्या वाद्याची खरखर माझ्या हातून गेली म्हणून आमच्या घरातले गाणे एकदा बंद पडले होते.

ती हकिकत आधी सांगतो. तंबोरा आजोबांनी मिरजेहून आणलेला. आमच्या शहराचे नाव तेव्हा चांदा होते. चंद्रपूर हे नाव १९६४ साली आले. आजोबांमागे तो आत्याकडे आला. आत्या मोठी गायिका नव्हती, मैफलीत कधी बसली नाही. पण पहाटे उठून तासभर तंबोरा घेऊन गाण्याचा तिचा नेम कधी चुकला नाही. मी पंधरा वर्षांचा असेन. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे ज्या हाडाच्या पाटावरून तारा जातात ती, तारांनी कुरतडली गेली होती. चार तारांचे चार काळे चर तिच्यावर पडले होते. तारा छेडल्या की झणझण कर्कश येई. आत्या अलीकडे तंबोरा लावताना कपाळाला आठ्या घालते, हे मी पाहिले होते. म्हणून एका रविवारी ती बाहेर गेली असता मी तारा उतरवल्या, काचकागद घेतला आणि ती घोडी घासून गुळगुळीत केली. चर जाऊन हाड पांढरेशुभ्र चमकू लागले. शिवाय, झणझण मुळीच होऊ नये म्हणून पुढची बाजू मी उतरती करून ठेवली.

आत्याने संध्याकाळी तारा चढवल्या आणि छेडल्या. टप्प, टप्प, असा लाकडावर बोट आपटल्यासारखा आवाज आला. तिने तारांखालचा दोरा पुढे सरकवून पाहिला, मागे घेऊन पाहिला. मग ती घोडीकडे पाहत राहिली. मला वाटले आता मार बसणार. ती एवढेच म्हणाली, "राहू दे बाबू. तुला काय ठाऊक." आणि तिने तंबोऱ्यावर गवसणी चढवली. त्यानंतर काही दिवस ती पेटीवर गायली. मग तेही सुटले.

जी खरखर मी घासून काढली तिचे नाव जवारी. ते नाव मला त्या दिवशी ठाऊक असते तर काचकागद हाती घेतला नसता. पुढे त्या नावामागचा इतिहास मी जमेल तसा शोधत गेलो. विद्वत्तेच्या हौसेपेक्षा केलेल्या चुकीची टोचणी त्यामागे अधिक होती. गिटारवाल्या मुलाच्या निमित्ताने तो इतिहास येथे मांडतो.

पहिल्याने गिटार. तिच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सतारीच्या भाषेत त्यांना पडदे म्हणू. बोटाने तार दाबली की ती पुढच्या पडद्यावर टेकते आणि तेथपासून घोडीपर्यंतचा तिचा भाग कंप पावतो. कंप पावणारी तार मधोमध फुगते. जाड तार अधिक फुगते. या फुगण्यात तिचा स्पर्श वाटेतल्या एखाद्या पडद्याला झाला, की खरखर उठते. तेव्हा खरखरीचे मूळ शोधायचे ते तार आणि पडदा यांच्यामधल्या जागेत. साधारण ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेच्या गिटारीत बाराव्या पडद्याशी जाड तारेखाली सुमारे ४ आणि बारीक तारेखाली सुमारे ३ मिलिमीटर अंतर असावे, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

शोधण्याची रीत वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी आहे. तार मोकळी छेडली तरच खरखरते आणि दाबली की थांबते, तर दोष वरच्या टोकाच्या खाचेत. एकाच जागी दाबल्यावर खरखरते, तर त्याच्या पुढचा पडदा उंच झालेला. सगळीकडेच खरखरते, तर तारा खाली आल्या आहेत किंवा मान मागे वाकली आहे. आणि बोट पडद्याच्या अगदी लगत नेऊन दाबताच खरखर थांबते, तर दोष वाद्यात नसून हातात आहे. शिकाऊ माणूस बोट दोन पडद्यांच्या मधोमध कुठेतरी ठेवतो, अर्धवट दाबतो, आणि तार आडवी छेडण्याऐवजी आत, तबलीकडे ढकलतो. अशा वेळी एकेक सूर सावकाश, त्याचा शेवट ऐकू येईपर्यंत वाजवावा. बोट आपोआप जागेवर येते.

त्या मुलाचा हात वाईट नव्हता. त्याची खरखर सगळ्या जाड तारांवर होती आणि हिवाळ्यात नव्हती, एवढ्यावरून निदान झाले. त्याचे घर टिनाच्या छपराचे. गिटार भिंतीला टेकून उभी. वैशाखाच्या झळांनी लाकूड सुकते, तबली खाली बसते, तिच्याबरोबर घोडी खाली येते आणि तारा पडद्यांना भिडू लागतात. वाद्य बिघडले नव्हते. त्याला आमचा उन्हाळा लागला होता.

आता गंमत अशी, की गिटारीच्या कुळातही खरखर ही पहिल्यापासून शत्रू नव्हती. गिटारीचे एक चुलत भावंड म्हणजे युरोपातले ल्यूट नावाचे वाद्य. १५१७ च्या सुमारास इटलीत व्हिन्चेन्झो कापिरोला या वादकाच्या चिजांची एक सुंदर चित्रित पोथी त्याच्या शिष्याने तयार केली. तीत वाद्य बांधण्याविषयी काही गुपिते आहेत. त्यांपैकी एक असे, की पडदे तारांना जवळजवळ भिडतील असे बांधावेत, म्हणजे आवाज हार्प वाद्यासारखा येतो. हे वाचून वाचकांना नवल वाटेल. पण पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या हार्पलाच मुळी तारेला हलकेच टेकणाऱ्या लाकडी खुंट्या लावलेल्या असत आणि तिचा स्वर झणझणत असे. त्या काळच्या युरोपी कानाला ती झणझण गोड लागे.

पुढे तिकडची आवड पालटली. एकावर एक सूर रचून अनेक स्वरांची इमारत उभारण्याकडे त्यांचे संगीत वळले. तेथे प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ ऐकू यायला हवा, एकाची झणझण दुसऱ्यावर सांडून चालणार नाही. पालटाचे कारण हेच असावे असे मला वाटते. स्पेनमधल्या आल्मेरिया गावच्या आन्तोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने गिटारीला आजचे रूप दिले तोवर खरखर हा उघड दोष ठरला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आतड्याच्या तारा जाऊन नायलॉनच्या आल्या, आणि सूर आणखीच नितळ झाला. तेव्हा त्या मुलाच्या हातात जी गिटार होती, तिच्यामागे खरखर काढून टाकण्याची कित्येक पिढ्यांची खटपट होती.

आपल्याकडे प्रवाह उलट वाहिला, आणि त्याचा एक जुना आणि स्पष्ट पुरावा महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचे राज्य होते. काश्मिरातून दक्षिणेत आलेल्या एका घराण्यातला शार्ङ्गदेव नावाचा विद्वान सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबखात्याचा अधिकारी होता. दिवसा राज्याची जमाखर्चाची बाडे सांभाळणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला, आणि उत्तरेचे असोत की दक्षिणेचे, सगळे संगीतशास्त्री आजही त्याला प्रमाण मानतात. ग्रंथाचे सात अध्याय. त्यांतला सहावा वाद्यांविषयीचा.

या अध्यायात एकतंत्री वीणेची रचना सांगताना शार्ङ्गदेवातला हिशेबनीस जागा होतो. दांडी किती लांब, भोपळा किती रुंद, सगळे तो मापाने सांगतो. घोडीवर धातूची एक पत्रिका बसवावी आणि ती कासवाच्या पाठीसारखी मध्ये किंचित उंच असावी, असे त्याने नोंदले आहे. आणि मग तो सांगतो, की तार आणि ही पत्रिका यांच्यामध्ये वेळूची एक बारीक काडी ठेवावी, म्हणजे नाद भरून येतो. या काडीचे नाव त्याने दिले आहे 'जीवा'.

हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. वेळू म्हणजे बांबू. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बांबूचे काय अप्रूप! बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी तो वर्षानुवर्षे तोडला गेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने तो स्वतः विकण्याचा हक्क २०११ साली मिळवला. बुरडाच्या सुपाटोपल्यांत तर तो रोजच हाताखाली येतो. त्या बांबूच्या एका कामटीला सातशे-आठशे वर्षांपूर्वी देवगिरीच्या एका हिशेबनिसाने तारेचा जीव म्हटले होते. आणि मी तोच जीव काचकागदाने घासून काढला होता.

तंबोऱ्यात आज बांबूच्या काडीऐवजी सुताचा किंवा रेशमाचा दोरा असतो, पण काम तेच. घोडीचा माथा अगदी थोडा, डोळ्याला दिसेल न दिसेल असा गोलसर उतरता असतो. कंप पावणारी तार या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. दोरा पुढेमागे सरकवून हा स्पर्श नेमका जिथे हवा तिथे आणायचा. तो साधला, म्हणजे एका तारेतून स्वरांची सगळी प्रभावळ बाहेर पडते. जवारी हा शब्द 'जीव' यावरूनच आला असे कित्येक जाणकार मानतात. काही कारागीर अजूनही तिला जिवारी म्हणतात.

देवगिरीचे राज्य गेले, वीणेची नवी नवी रूपे आली, तंबोरा आला. परंतु हे सगळे हाडावर कोरायचे कोणी? येथे मिरजेचा अध्याय सुरू होतो, आणि मला तो मराठी इतिहासातल्या लढायांइतकाच महत्त्वाचा वाटतो. किंबहुना तो लढायांच्याच राखेतून निघाला आहे.

मिरजेत शिकलगार नावाचा समाज राहत होता. शिकल करणे म्हणजे हत्याराला धार आणि झिलई देणे. तलवारी, भाले, खंजीर यांच्यावर त्यांचे पोट. १८१८ साली पेशवाई बुडाली. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक म्हणून राहिले, पण फौजा राहिल्या नाहीत. इकडे आमच्या चांद्यातही १८५४ साली भोसल्यांचा अंमल जाऊन इंग्रजांचा आला. तलवार म्यानात गेली ती गंजण्यासाठीच. मग तिला धार लावणाऱ्याने काय करावे? मिरजेच्या दरबारी गवई येत, त्यांची वाद्ये वाटेत मोडत, तारा तुटत. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार या कारागिराने अशा वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला, आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडवू लागला. त्याच्यामागून त्याचे घराणे, आणि मग सगळी गल्लीच तंबोरे-सतारींची झाली.

मला वाटते, हा बदल वरवर दिसतो तितका विचित्र नाही. तलवारीच्या पात्यावरून केसाच्या जाडीइतके पोलाद काढणे आणि तेवढ्यावर थांबणे, हे ज्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्याच हाताने घोडीवरून तितकेच हाड काढले. फरक एवढाच, की धारेची परीक्षा अंगठ्याने होते आणि जवारीची कानाने. त्या लोकांनी हाताला कान जोडला.

या कामाला लागणारे सामानही सगळ्या मुलखातून येते. कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी पिकतात. ते वाळवून, कापून, पाण्यात भिजवून, आत काड्यांचे ताण देऊन आकाराला आणतात. दांडीला आणि तबलीला तुणीचे हलके लाकूड कर्नाटकातून येते. सतारीच्या घोडीला पूर्वी सांबरशिंग वापरत. आमच्या ताडोबात सांबर दर वर्षी शिंगे टाकतो, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती वाट बंद झाली, आणि झाली हे योग्यच झाले. आता उंटाचे हाड, शिसवी किंवा कठीण प्लास्टिक चालते.

मिरजेला आणखी एक भाग्य लाभले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तेथे येऊन राहिले. किराना घराण्याचा हा गायक सुरांच्या बाबतीत कमालीचा हळवा होता. तंबोरे मनासारखे लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि वाद्यदुरुस्तीतही त्यांचा स्वतःचा हात चालत असे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले. त्यांच्या आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसंशोधनाला खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार तारेतच असतो. पण जवारी नसेल तर तो तारेतच राहतो. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात खाँसाहेबांची कबर आहे, आणि तेथे दर वर्षी त्यांच्या नावाने गाणे होते.

कारागीर आणि गवई ज्याला जीव म्हणत होते त्याचे शास्त्र मात्र कोणी लिहिले नव्हते. ते काम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केले. प्रकाशाच्या शोधाने १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हे शास्त्रज्ञ तरुणपणी सरकारी हिशेबखात्यात नोकरीला होते आणि १९१० च्या सुमारास काही काळ आमच्या नागपुरातही होते. देवगिरीचा हिशेबनीस आठवून मला या योगायोगाची मौज वाटते. रामन यांना वाद्यांचे वेड. त्यांनी १९२१ साली भारतीय तारवाद्यांवर एक छोटासा निबंध लिहिला. त्याचा विषय थोडक्यात असा. तारेच्या मूळ स्वराबरोबर तिच्या अर्ध्या, तृतीयांश, चतुर्थांश भागांचे उपस्वरही उमटत असतात. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा एक नियम आहे: तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर उमटत नाहीत. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर मुके राहायला हवेत.

तंबोरा हा नियम मानत नाही. रामन यांनी पाहिले, की कुठेही छेडा, न उमटायला हवे ते उपस्वरही त्यातून खणखणीत येतात. आणि हे घडते ते पसरट घोडी व तारेखालचा दोरा यांमुळे. दोरा काढा, तंबोरा पुन्हा नियमात येतो. गिटारीची घोडी अरुंद हाडाच्या धारेची, तिथे तारेचे टोक पक्के बांधल्यासारखे. तंबोऱ्यात तारेचे टोक बांधलेले नाही; ते घोडीच्या उतारावर दर कंपाला पुढेमागे होते, आणि मूळ स्वरातली शक्ती थोडी थोडी करून वरच्या उपस्वरांना वाटत राहते. गिटारीतही तार धातूला शिवते आणि तंबोऱ्यातही हाडाला शिवते. एकीकडे तो स्पर्श अवचित, बेहिशेबी. दुसरीकडे तो मोजून ठेवलेला. खरखर आणि जवारी यांत अंतर आहे ते एवढ्या मापाचे.

हे सगळे समजण्याच्या आधी, चूक केल्यानंतर चौदा वर्षांनी, मी मिरजेला गेलो. नोकरी लागून हाती चार पैसे आले होते. एका कारागिराला मी फोनवर विचारले होते, घोडी काढून टपालाने पाठवली तर चालेल काय? पलीकडून हसून उत्तर आले, "मास्तर, घोडी एकटी बोलत नाही. तंबोरा घेऊन या." तेव्हा गोधडीत गुंडाळलेला तंबोरा घेऊन मी वर्ध्याला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो. एक अख्खा दिवस आणि एक रात्र तो माझ्या मांडीवर होता.

त्या वृद्ध कारागिराने घोडीकडे पाहिले आणि कोणाचे हे काम म्हणून विचारले. मी माझे नाव सांगितले. त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. कानस हातात घेण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्न विचारले: गाणारे कोण, बाई की पुरुष, आणि सूर कुठला? मी म्हटले, आत्या, काळी चार. मग त्यांनी काम सुरू केले. तार बाजूला सारायची, कानशीचा हलका हात फिरवायचा, पुसायचे, तार जागेवर आणून छेडायची, डोळे मिटून ऐकायचे. पुन्हा तेच. एका तारेला हे किती वेळा केले ते मी मोजणे सोडून दिले. दिवे लागणीच्या सुमारास त्यांनी दोरा सरकवला, आणि चौथ्या तारेतून, खर्जातून, तो गंधार असा वर आला, की दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

तंबोरा परत देताना ते म्हणाले, "तुम्ही जेवढं घासलंत त्याच्या खाली जाऊन मला नवा माथा काढावा लागला. हाड काही परत वाढत नाही. आता हिच्यात दोन वेळेपुरतं उरलंय." जवारी झिजते, ती पुन्हा काढावी लागते, आणि दर वेळी थोडे हाड जाते; आत्याचा तंबोरा किती वर्षे गाईल हे त्या हाडावर लिहिलेले होते, आणि त्यातली काही वर्षे मी एका रविवारी पुसून टाकली होती.

आत्याचा गळा तोवर राहिला नव्हता. मी तंबोरा तिच्यापुढे ठेवला. ती गायली नाही. पण त्या संध्याकाळी तिने तो दोन तास छेडला, आणि मधेच एकदा माझ्याकडे पाहून, "आहे बाबू, आहे," एवढेच म्हणाली. काय आहे ते मी विचारले नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु १९७९ साली बंगळूरला विजेवरचा तंबोरा तयार झाला, आणि आता तर तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. मी त्याला नावे ठेवणार नाही. आमच्या अहेरी-भामरागडकडच्या एखाद्या मुलीला गाणे शिकायचे असेल, तर मिरज तिला हजार किलोमीटरच्या घरात दूर आहे. तिच्यासाठी ती पेटी उपकाराचीच. पण पेटीत साठवलेला नाद एकदा कोणीतरी हाडावर काढलेलाच होता. तो काढणारे हात सरले, तर पुढे साठवायचे काय?

शिक्षक म्हणून मला यातून आणखी एक गोष्ट उमगली, ती सांगतो. माझ्या वर्गातली मुले झाडीबोलीत बोलतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या वह्यांवर मी लाल पेन्सिल काचकागदासारखीच फिरवली; 'माह्या' दिसला की घास, 'काहून' दिसला की घास. मिरजेहून आल्यावर ते थांबले. परीक्षेच्या पेपरात प्रमाण भाषा हवी, ती मी आजही शिकवतो. पण लाल पेन्सिल उचलण्यापूर्वी, गाणारा कोण आणि त्याचा सूर कुठला, हे आधी विचारतो.

आता त्या गिटारवाल्या मुलाची गोष्ट पुरी करतो. त्याच्या तारा खाली आल्या होत्या, तेव्हा त्या किंचित उचलायला हव्या होत्या. आम्ही दोघे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बुरडाकडे गेलो आणि त्याच्याकडून बांबूची एक कामटी सोलून घेतली, कागदासारखी पातळ. तारा सैल केल्या, घोडीतली हाडाची पट्टी वर काढली, खाचेत ती कामटी बसवली, पट्टी पुन्हा ठेवली. घासण्याचे काम मुळीच केले नाही. जे केले ते केव्हाही परत काढता येईल असेच केले. मुलाने तारा चढवल्या आणि जाड तार छेडली. स्वर नितळ आला. शार्ङ्गदेवाने वेळूची काडी तारेखाली घातली ती झणझण आणण्यासाठी, आणि आम्ही घातली ती घालवण्यासाठी. दोन्हीकडे काडीने काम केले ते माप राखण्याचे.

श्रावणात मुलगा पुन्हा आला. पावसाळी हवेने लाकूड फुगले होते, तारा उंच झाल्या होत्या आणि दाबताना त्याची बोटे दुखत होती. आम्ही कामटी काढून घेतली. ती त्याने गिटारीच्या खोळीत जपून ठेवली आहे, पुढच्या वैशाखासाठी.

जाताना तो कोपऱ्यातल्या तंबोऱ्यापाशी थांबला आणि एकेक तार छेडत राहिला. घोडीवर पुन्हा चर पडले आहेत, झणझण पुन्हा कर्कश होऊ लागली आहे. कारागिराने सांगितलेल्या दोन वेळांपैकी पहिली वेळ आली आहे. मुलगा म्हणाला, "सर, हेही खरखरतेच की!" मी त्याला म्हटले, दिवाळीच्या सुटीत मी मिरजेला जाणार आहे, घरी विचारून पाहा आणि चल माझ्याबरोबर, खरखर कशाला म्हणतात आणि जवारी कशाला, हे तिथे बसून ऐकण्याची गोष्ट आहे.